पन्नास लक्स

अकरा तलवारी आल्या, बारावी बसने येणार होती.

आपेनझेलच्या या अंगाला तलवार म्हणजे मतपत्रिका.
एप्रिलचा शेवटचा रविवार, चौकाभोवती दोर,
दोराच्या आत पुरुष, कमरेला आजोबांचं पातं.
ते असलं की कुणी नाव विचारत नसे.
बायका खिडक्यांत किंवा दोरापलीकडे,
एका हातावर मूल,
दुसरा मोकळा असला तरी मोजण्यातला नव्हे.

दोर मागितला होता मी प्रदर्शनासाठी.
नगरपालिकेने कळवलं, तो अजून लागतो.
मग फरशीवर पांढरी रेघ ओढली.
शाळेची पोरं चाचणीला आली, सहज ओलांडून गेली.
म्हातारा रखवालदार मात्र रोज
तिला वळसा घालून दिवे बंद करायला जातो.

फलकाला चाळीस शब्द.
चाळिसांत बसवायचं होतं, की तीनदा विचारलं,
तीनदा दोराच्या आतून नको आलं,
मग लोझानच्या कोर्टाने सांगितलं, आता विचारू नका, द्या,
आणि गावाने हात वर केले.
माझा पहिला मसुदा सत्तर शब्दांचा झाला.
दुसरा चौऱ्याहत्तर.

अध्यक्ष इनाउएन शिडीवर चढून कोन दाखवून गेले,
पाती मधोमध, दिवे वरून,
पोलाद कसं झळकलं पाहिजे.

गुरुवारी क्रेझेन्सिया डोरिग आली.
वय चौऱ्याऐंशी. पिठाच्या पोत्यात गुंडाळलेली
नवऱ्याची तलवार मांडीवर आडवी.
ड्रायव्हरने दोघांचं तिकीट मागितलं म्हणे, थट्टेत.
मी फॉर्म भरत होते.
लांबी, मूठ, म्यानाचं चामडं,
मुठीखाली थोडा गंज.
"तो नंतरचा," ती म्हणाली.
"तेहेतीस एप्रिल मी पुसली. आदल्या रात्री
आधी राख, मग तेल, मग हे."
पिशवीच्या तळातून तिने फडकं काढलं,
काठाला निळी रेघ,
अंगठ्याच्या जागी विरून जाळी झालेलं.
"आणि नंतर?"
"नंतर माझंही कार्ड आलं. मग त्याची तो पुसायचा."
गंजाकडे तिने पुन्हा पाहिलं नाही.
फडकं मात्र टेबलावरच राहू दिलं.

पोलादाला उजेड कितीही चालतो.
कापडाला पन्नास लक्स.
त्यावर गेलं की धागा मरायला लागतो,
हा नियम आहे, माझं मत नाही.
दालन एकच. मधे भिंत घालायला पैसे नाहीत.

अध्यक्ष म्हणाले, ड्रॉवरमध्ये ठेवा ते.
मी नियम वाचून दाखवला.
ते म्हणाले, लोक तलवारी बघायला येतात.
मी म्हटलं, दिसतील की, जरा थांबलं तर.
कुणीतरी खोकलं. कुणीतरी घड्याळ बघितलं.
सात जणांची समिती, हात वर करून मतदान.
मी मोजले, चार.
पुन्हा मोजले.

रात्री उशिरापर्यंत एकेक दिवा उतरवत गेलो,
सुतार आणि मी,
मीटर हातात धरून. एकशे वीस. नव्वद. सत्तर.
पन्नासला आल्यावर सुतार म्हणाला,
हा तर स्वयंपाकघरातला उजेड झाला,
शनिवारी रात्रीचा.
मी फलक पुन्हा लिहायला घेतला. अठ्ठावीस शब्दांत संपला.

आत येणाऱ्याला आता आधी काहीच दिसत नाही.
लोक थबकतात, डोळे बारीक करतात,
एकमेकांच्या कोपराला धरतात.
पहिल्यांदा फडकं दिसतं, पांढरं म्हणून.
मग सावकाश, एकामागून एक, पाती.

उद्घाटनाला क्रेझेन्सिया खास कोट घालून आली.
काचेपाशी बराच वेळ उभी राहिली.
मला वाटलं रडेल, मी पाण्याचा पेला घेऊन तयार.
ती वळली, माझ्या कानाशी आली, जरा रागानेच,
"धुऊन दिलं असतं ना मी.
सांगायचंस तरी. एवढे लोक बघतायत."